लाटेवरची फळी : आधी होडी, मग ठिकरी

फाल्गुन महिन्यात डहाणू-तलासरीकडच्या रानात पांगारा फुलतो. अंगावर पान नाही आणि झाड मात्र लालभडक! पुढे चैत्री पौर्णिमेला विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा सुरू होते. यात्रेला जाणाऱ्या अनेकांना हे झाड फुलांमुळे ठाऊक असते. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याने मात्र त्याच्या वाळलेल्या लाकडाचा तुकडा हातात घेऊन पाहावा. तो इतका हलका लागतो की हे खरोखर लाकूड आहे ना, अशी शंका यावी. पोहायला शिकणाऱ्या मुलांच्या पाठीला वाळलेला भोपळा बांधतात, तसे कित्येक गावांत पांगाऱ्याचे लाकूडही बांधत असत.

याच पांगाऱ्याचा एक भाऊबंद प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर वाढतो. तेथे त्याला ‘विलिविली’ म्हणतात. दोघांची प्रजाती एकच, एरिथ्रिना. हवाईचे लोक या लाकडाच्या लांब फळ्या तासत आणि त्यांवर पालथे पडून, गुडघे टेकून किंवा चक्क उभे राहून समुद्राच्या लाटांवरून किनाऱ्याकडे घसरत येत. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीतील लेफ्टनंट जेम्स किंग याने १७७९ साली या खेळाचे वर्णन लिहून ठेवले आहे. विलिविलीखेरीज ‘कोआ’ आणि ‘उलू’ या झाडांच्याही फळ्या बनत. कोआ हा आपल्याकडे रस्त्याच्या कडेला लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीचा नातलग, तर उलू म्हणजे कोकणातील परसात दिसणारा नीरफणस. म्हणजे झाडांची ओळख आपल्याला आहेच. त्यांतून घडलेल्या फळीची ओळख तेवढी करून घ्यायची आहे.

या खेळाला आज सर्फिंग म्हणतात आणि फळीला सर्फबोर्ड. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली हा खेळ प्रथमच खेळला गेला. आपल्या देशात कर्नाटकातील मुळकी, तमिळनाडूतील कोवलम आणि गोव्याच्या उत्तर किनाऱ्यावरील काही ठिकाणी तो शिकवला जातो. फळ्यांची चित्रे पाहिलीत, तर एक गोष्ट ध्यानात येईल. कोणी तीन मीटर लांबीची, जाड, गोल नाकाची फळी घेऊन निघालेला असतो, तर कोणाच्या काखेत पावणेदोन मीटरची, पातळ, टोकदार फळी असते. खेळ एक आणि समुद्रही एक, मग फळ्यांत एवढा फरक का?

याचे उत्तर असे, की या फळीला दोन अगदी वेगळी कामे करावी लागतात. लाट पकडेपर्यंत ती होडी असते. लाट पकडल्यावर ती ठिकरी होते, तळ्याच्या पाण्यावर तिरकी फेकली असता टप्पे घेत जाणारी. चांगल्या होडीचे गुण आणि चांगल्या ठिकरीचे गुण एकमेकांशी भांडतात. हे भांडण कसे मिटवायचे, हाच फळीच्या आकाराचा सगळा प्रश्न आहे.

किती लिटरची फळी?

सर्फबोर्ड विकताना त्याची लांबी-रुंदी सांगतात, तसेच त्याचे आकारमान लिटरमध्येही सांगतात. घन वस्तूचे माप लिटरमध्ये ऐकून नवल वाटेल, पण आर्किमिडीजचे तत्त्व आठवा. वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके प्लावक बल तिला वर ढकलते. समुद्राच्या एक लिटर पाण्याचे वस्तुमान सुमारे १.०२५ किलोग्रॅम असते. म्हणून फळीचे लिटर कळले, की ती जास्तीत जास्त किती भार पेलेल हे लगेच कळते.

तुमचे वस्तुमान ५० किलो आहे असे धरू. फळी ६० लिटरची आणि ५ किलोची आहे. एकूण भार ५५ किलो. तो तोलायला ५५ ÷ १.०२५, म्हणजे सुमारे ५४ लिटर पाणी बाजूला सारावे लागेल. फळी ६० लिटरची असल्याने तुमचे सारे अंग पाण्याबाहेर राहील आणि फळीचाही दहावा हिस्सा पाण्यावर डोकावेल.

आता २८ लिटरची, ३ किलोची छोटी फळी घ्या. भार ५३ किलो, म्हणजे जवळजवळ ५२ लिटर पाणी सारायला हवे. फळी पूर्ण बुडाली तरी २८ लिटरच सारणार. उरलेले सुमारे २४ लिटर कोण सारणार? तुमचे स्वतःचे शरीर! ५० किलोच्या माणसाचे आकारमान ५० लिटरच्या आसपास असते. तेव्हा निम्मे शरीर पाण्यात बुडेल आणि फळी पाण्याखाली गेलेली असेल. नामांकित खेळाडू अशाच फळ्या वापरतात. ते बसून लाटेची वाट पाहतात, तेव्हा फळी दिसत नाही आणि कमरेच्या वरचाच माणूस दिसतो, त्याचे कारण हे.

एक सावधगिरी घ्यावी. फळीचे आकारमान लांबी × रुंदी × जाडी इतके भरत नाही. फळीची टोके निमुळती आणि कडा गोलसर असतात. १.८० मीटर लांब, ४८ सेंमी. रुंद आणि ६ सेंमी. जाड फळीचा गुणाकार ५२ लिटर येतो, पण तिचे खरे आकारमान २८ लिटरच्या आसपास, म्हणजे निम्म्याहून किंचित जास्त असते.

आता जुन्या लाकडी फळीकडे वळू. कोआचे लाकूड पाण्याच्या सुमारे सहा दशांश घनतेचे धरले, तर ६० लिटरच्या भरीव फळीचे वस्तुमान ३६ किलो होईल. तिला मिळणारे प्लावक बल ६१.५ किलो वजनाइतके. त्यातले ३६ किलो ती स्वतःसाठीच खर्च करणार, माणसासाठी उरणार २५ किलो. हवाईच्या सरदारांच्या लांब फळ्यांना ‘ओलो’ म्हणत. होनोलुलूच्या बिशप संग्रहालयातील अशा जुन्या फळ्या ६० किलोहून जड आहेत. विलिविलीसारख्या हलक्या लाकडाचे मोल का होते, ते यावरून कळेल. टॉम ब्लेक याने १९२६ साली या जुन्या फळ्यांचा अभ्यास केला, नवी फळी केली तेव्हा तिला भोके पाडून ती हलकी केली आणि पुढे आतून पोकळ फळी बनवून १९३२ साली तिचे पेटंट मिळवले. १९५०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात पॉलियुरेथेनच्या फेसाचा गाभा आणि त्यावर काचतंतूंचे कवच अशा फळ्या निघू लागल्या. या फेसाची घनता पाण्याच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास असते. फळी स्वतःसाठी जवळजवळ काही खर्च करीनाशी झाली आणि सगळे लिटर माणसाच्या कामी आले.

फळी होडी असते तेव्हा

लाट येण्यापूर्वी खेळाडू फळीवर पालथा पडतो आणि दोन्ही हातांनी पाणी मागे सारत वल्हवतो. हातांची शक्ती थोडी, म्हणून पाण्याचा रोध जितका कमी तितके बरे. मोठी फळी अंगाला पाण्याबाहेर ठेवते. छोट्या फळीवर मांड्या, पोट आणि कंबर पाण्यातून ओढत न्यावी लागतात. फळीच्या तासलेल्या गुळगुळीत तळापेक्षा आपले शरीर पाण्याला फार जास्त अडवते. वल्हवताना आकारमानाचा पहिला फायदा हा.

दुसरा फायदा लांबीचा. कोणतीही होडी चालताना स्वतःची एक लाट उठवते. एक शिखर नाकापाशी, दुसरे मागे. पाण्यावरील लाटेचा वेग तिच्या लांबीवर अवलंबून असतो. लाटेची लांबी मीटरमध्ये मोजली, तर खोल पाण्यात तिचा वेग, मीटर प्रतिसेकंदात, लांबीच्या वर्गमुळाच्या सुमारे सव्वापट असतो. होडीचा वेग वाढतो तशी तिने उठवलेली लाट लांब होत जाते. ती लाट होडीइतकी लांब झाली, की दुसरे शिखर शेपटाशी येते आणि होडी आपणच खोदलेल्या खळग्यात सापडते. याहून वेगाने जायचे तर तिला आपल्याच लाटेचा चढ चढावा लागतो आणि रोध एकाएकी वाढतो.

हिशोब करून पाहा. १.८० मीटरच्या फळीसाठी ही मर्यादा १.२५ × √१.८०, म्हणजे १.७ मीटर प्रतिसेकंद येते. २.७५ मीटरच्या फळीसाठी ती २.१ येते. हाताने वल्हवणाऱ्याचा वेग साधारण दीड मीटर प्रतिसेकंदाच्या जवळपास, म्हणजे या मर्यादेच्या उंबरठ्याशीच असतो. म्हणून फळीची लांबी थोडी वाढली तरी दंडांना फरक जाणवतो. डहाणूच्या बंदरातील होड्या पाहा. इंजिन येण्यापूर्वी वल्हे आणि शीड यांवर चालणाऱ्या होड्या लांबट का बांधत, याचे एक कारण हेही आहे.

तिसरी गोष्ट स्थैर्याची. तरंगणारी फळी एका बाजूला कलली, की त्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो आणि पाणी तिला परत सरळ करते. सरळ करणारा हा जोर पाण्याच्या पातळीवरील रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. रुंदी ४८ वरून ५७ सेंमी. केली तर वाढ अवघी एकोणीस टक्के, पण स्थैर्य मात्र पावणेदोन पटीच्या जवळ जाते. नवशिक्याला रुंद फळी का द्यावी, हे येथे उघड होते.

लाट पकडणे

किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. खोलीला गुरुत्वत्वरणाने गुणून वर्गमूळ काढले, की तो स्थूलमानाने मिळतो. दीड मीटर खोलीला √(९.८ × १.५), म्हणजे ३.८ मीटर प्रतिसेकंद, ताशी सुमारे १४ किलोमीटर. लाटेची उंची खोलीच्या तीन चतुर्थांशाच्या थोडी पुढे गेली, की लाट फुटते. म्हणजे या जागी सव्वा मीटरच्या आसपास उंचीची लाट फुटेल.

वल्हवणाऱ्याचा वेग दीड आणि लाटेचा जवळजवळ चार! मग पकडणार कशी? उरलेला वेग लाटेचा उतार देतो. लाट खालून येते, फळीची शेपूट उचलली जाते आणि गुरुत्वाकर्षण फळीला उतारावरून ओढू लागते. घसरगुंडीसारखेच, फक्त ही घसरगुंडी स्वतः धावत असते. लाट निसटून पुढे जाण्यापूर्वी फळीने तिचा वेग गाठला पाहिजे.

लांब, मोठ्या फळीचा रोध कमी आणि सुरुवातीचा वेग जास्त. तिला उतार सौम्य असतानाच, लाट फुटण्याच्या बऱ्याच आधी वेग मिळतो. छोट्या फळीला उतार तीव्र होईपर्यंत थांबावे लागते, आणि तीव्र उतार म्हणजे लाट फुटायला क्षणाचाच अवकाश! तेवढ्यात उठून उभे राहणे सरावलेल्यालाच जमते.

फळी ठिकरी होते तेव्हा

आता फळी लाटेच्या उतारावर आली. वेग चार-पाच मीटर प्रतिसेकंद झाला. एक चमत्कारिक गोष्ट घडते. मघाशी पाण्याखाली गेलेली छोटी फळी वर येते आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरू लागते. तिचे लिटर वाढलेले नाहीत. मग तिला उचलले कोणी?

येथे आर्किमिडीजच्या जोडीला न्यूटन येतो. फळीचा तळ किंचित तिरका असतो. वेगाने जाताना तो समोरच्या पाण्याला खाली ढकलतो आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार पाणी फळीला वर ढकलते. ठिकरी दगडासारखी जड असूनही पाण्यावर टप्पे घेते ती याच बलामुळे. वेग संपला की ती बुडते.

ही उचल तळाच्या क्षेत्रफळाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग दीडवरून साडेचार, म्हणजे तिप्पट झाला, तर तळाचा तिरकेपणा तोच राहिल्यास उचल नऊपट होते. तेव्हा लाटेवर असताना लिटर फारसे विचारात येत नाहीत. तेथे तळाचे क्षेत्रफळ आणि त्याचा आकार बोलतो. दुसऱ्या महायुद्धानंतर बॉब सिमन्स या अभियांत्रिकी शिकलेल्या खेळाडूने पाण्यावर घसरणाऱ्या वेगवान बोटींच्या तळांवरचे संशोधन वाचून आपल्या फळ्या रुंद आणि हलक्या केल्या. फळीला तोवर होडीच मानत. ती ठिकरीही आहे, हे त्याने जाणले होते.

मोठ्या फळीचे गुण मात्र येथे दोष ठरू लागतात. लांब फळी वळवणे कठीण, कारण वळण्याला होणारा विरोध वस्तुमानावर आणि लांबीच्या वर्गावर अवलंबून असतो. शिवाय वळताना फळीची एक कड पाण्यात दाबावी लागते. जाड, फुगीर कड पाण्यात दाबायला गेलात, तर प्लावक बल तिला वर फेकते. वल्हवताना ज्याने तारले, तेच येथे आडवे येते!

आकाराचे चार अवयव

फळी बाजूने पाहिली तर तिचा तळ सपाट नसतो. नाक आणि शेपूट वर वळलेली असतात. हा बाक जितका कमी, तितके वल्हवणे सोपे. बाक अगदी नसेल तर तीव्र उतारावर नाक पाण्यात रुतते आणि खेळाडू पुढे फेकला जातो. जास्त बाकाची फळी लाटेच्या वळणात चपखल बसते आणि चटकन वळते, पण सपाट पाण्यात ती समोरचे पाणी ढकलत राहते.

दुसरा अवयव कड. एक चमचा दांडीने सैल धरून त्याची फुगीर पाठ नळाच्या धारेला लावा. चमचा दूर ढकलला जाण्याऐवजी धारेत ओढला जातो, कारण पाणी गोल पृष्ठभागाला चिकटून वळते. गोल कडेची फळी अशीच लाटेला धरून राहते. शेपटाकडे मात्र कड धारदार ठेवतात, म्हणजे पाणी तेथे स्वच्छ सुटते आणि वेग राहतो.

तिसरा अवयव शेपूट. रुंद शेपटीला उचल जास्त, म्हणून संथ, लहान लाटेत ती उपयोगी. मोठ्या, वेगवान लाटेत उचल आपोआप पुरेशी मिळते. तेथे पकड हवी, म्हणून शेपूट निमुळती.

चौथा अवयव पर. माशाच्या परासारखी ही पाती शेपटाखाली बसवतात. बाणाच्या मागची पिसे जे काम हवेत करतात, तेच पर पाण्यात करतो. फळी आडवी सरकू लागली की तो तिला सरळ आणतो. ब्लेकने १९३५ साली प्रथम असा पर लावला. ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने १९८० साली तीन परांची फळी केली आणि १९८१ साली तिच्यावर बेल्स बीचची स्पर्धा जिंकली. आज बहुतेक छोट्या फळ्यांना तीन पर असतात.

मग चांगली फळी कोणती?

विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८६७ साली नदीत दोन नमुना-जहाजे ओढून पाहिली. एकाची टोके धारदार होती, दुसऱ्याची बोथट. निकाल मजेदार लागला. कमी वेगाला एक सरस ठरले, तर जास्त वेगाला दुसरे. वेग सांगितल्याशिवाय ‘उत्तम आकार’ या शब्दांना अर्थ नाही, हे त्यातून कळले. फळीलाही हेच लागू आहे. कोणासाठी, कोणत्या लाटेसाठी आणि कोणत्या वेगाला, हे विचारल्याखेरीज फळी चांगली की वाईट हे ठरत नाही.

डहाणू-बोर्डीचा किनारा उथळ आणि सपाट आहे. ओहोटीला पाणी दूरवर मागे जाते. अशा तळावर लाट हळूहळू फुटत, शक्ती गमावत येते. उतार सौम्य, वेग कमी. न्यूटनकडून फार मदत मिळणार नाही, म्हणून तेथे आर्किमिडीजलाच शरण जायला हवे. फळी लांब, रुंद, कमी बाकाची हवी. चित्रात पाहिलेली टोकदार छोटी फळी घेऊन कोणी तेथे उतरला, तर तो लाट पकडण्याआधीच दमेल.

हे दमणे साधे नाही. ओहोटीच्या ओढीत दमलेला माणूस संकटात सापडतो. फळी तरंगते म्हणून आपण सुरक्षित, असेही समजू नये. ती हातून सुटली तर लाट तिला घेऊन जाते आणि तुम्ही मागे राहता. म्हणून फळीची दोरी घोट्याला बांधतात. पोहता न येणाऱ्याने आणि शिक्षकाशिवाय कोणीही या खेळासाठी समुद्रात उतरू नये. पावसाळ्यात तर नकोच.

करून पाहा

हा प्रयोग शाळेच्या हौदातही होतो. अडीच सेंमी. जाडीच्या थर्माकोलचे दोन तुकडे कापा. ‘अ’ ३० × ८ सेंमी. आणि ‘आ’ १५ × १६ सेंमी. दोघांचे घनफळ ६०० घन सेंमी. येईल. प्रत्येकावर मधोमध २०० ग्रॅमचे वजन ठेवा. दोन्ही सारखेच, सुमारे नऊ मिलिमीटर बुडतील.

आता प्रत्येकाला दोरा बांधा. ‘अ’चा दोरा आखूड बाजूच्या मध्याला बांधा, म्हणजे तो लांबीच्या दिशेने जाईल. दोरा हौदाच्या कडेवरील गुळगुळीत नळीवरून खाली सोडून टोकाला एखादे नाणे टांगा. एक मीटर अंतर तोडायला लागणारा वेळ मोजा. प्रत्येकाची पाच-पाच वाचने घेऊन सरासरी काढा. नंतर वजन मध्यापासून एकेक सेंटिमीटर बाजूला सरकवत तुकडा केव्हा उलटतो ते नोंदवा. ‘अ’च्या बाबतीत ते लांब कडेकडे सरकवा. शेवटी ‘अ’चे नाक तासून निमुळते करा, थोडे वर वळवल्यासारखा आकार द्या आणि पुन्हा वेळ मोजा.

शिक्षकांनी वाचने फळ्यावर मांडून विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारावा : घनफळ सारखे असताना वेग आणि स्थैर्य यांत फरक कशामुळे पडला?

आणि वाचकांसाठी एक उदाहरण. तुमचे स्वतःचे वस्तुमान घ्या. फळी ४ किलोची आहे. समुद्रात तुम्हाला पूर्ण पाण्याबाहेर ठेवून तिचा एक दशांश भाग वर राहावा, तर ती किती लिटरची हवी? हीच फळी गोड्या पाण्याच्या तलावात नेली, तर उत्तर किती बदलेल?